आण्णांचा डावा हात

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते आणि मला घाई फार. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात नशिबाचा वाटा थोडा आणि माझ्या घाईचा मोठा आहे.

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात दोन लंबक, एक मोडका तराजू आणि उंदरांनी कुरतडलेल्या जर्नलांचा गठ्ठा. वस्तू खाली कशी पडते हे मी वर्षानुवर्षं खडूचा तुकडा टाकून दाखवत आले. शेवटी एका मे महिन्याच्या सुट्टीत, नांदूरघाटच्या घरी पत्रे तापलेले असताना, मी लॅपटॉप उघडून बसले आणि ठरवलं की पडद्यावर का होईना, पोरांच्या हातात चेंडू द्यायचा. माउस नको, बटणं नकोत. कॅमेऱ्यापुढे हात धरायचा. अंगठा आणि तर्जनी जुळली की पडद्यावरचा चेंडू चिमटीत येणार, बोटं सुटली की पडणार, हात झटकून सोडला की फेकला जाणार. तळवा वर केला की गुरुत्वाकर्षण कमी, खाली केला की जास्त.

हात ओळखणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो हातावर एकवीस ठिपके शोधतो, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. त्या ठिपक्यांच्या पुढचं सगळं मी लिहिलं, आणि कुणी सांगितलं नसताना लिहिलं, म्हणून त्यात मजा होती. चेंडू फार वेगात असला की भिंतीतून आरपार निघून जायचा. हात जरा थरथरला की चेंडूला हुडहुडी भरायची. दारातून ऊन आलं की हात नुसता काळा दिसायचा आणि प्रोग्रॅम म्हणायचा, हात नाहीच. म्हणून मी दारावर चादर टांगली. घरात भट्टी झाली.

"उकडून मारतीस का काय," आण्णा म्हणाले.

आण्णा म्हणजे माझे वडील. बैलबाजारातले दलाल. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मी माझा संसार मोडून परत आलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आण्णा आठवड्याला दोन-तीन बाजार करायचे, परत आले की पाय धुवून ओट्यावर बसायचे. त्यांचा धंदा हातानं चालायचा. बाजारात बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दलाल खांद्यावरचं उपरणं हातावर टाकतो, समोरचा त्याखाली आपला हात घालतो, आणि बोटं धरून, दाबून आकडे ठरतात. भोवती वीस माणसं उभी असतात, तोंडं पाऊसपाण्याचं बोलत असतात आणि खाली सौदा चाललेला असतो. लहानपणी मी त्यांना शिकवा म्हणून मागे लागले होते. "तुझ्या कामाचं न्हाई माय," एवढंच उत्तर मिळालं. घरातल्या बाईमाणसानं त्या उपरण्याखाली कधी हात घातला नाही.

चादरीआडच्या त्या भट्टीत त्यांनी माझा खेळ पाहिला. मी चेंडू उचलून दाखवला, फेकून दाखवला. मग त्यांचा हात धरून कॅमेऱ्यापुढे नेला तर त्यांनी विस्तवावरून काढावा तसा मागे घेतला.

"समद्यांपुढं बोटं नाचवायची," ते म्हणाले, "आन् त्याला शिक्षान म्हनायचं."

मी हसले. तेही हसले. कॉलेज सुरू झाल्यावर पोरांना तो खेळ आवडला, मला स्टाफरूममध्ये थोडा भाव मिळाला, आणि गोष्ट तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर आण्णा बाजारात पडले. एका बैलजोडीच्या मागे उभे होते ते तसेच खाली बसले म्हणे. बीडला नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले, लकवा मोठा आहे, जीव वाचला हेच खूप. त्यांना ऐकू यायचं, पण किती समजतंय ते सांगता येईना. विचारलं की मान हलवायचे, पण पाणी हवं असताना 'नको' आणि नको असताना 'हवं'. "मानेवर भरवसा ठेवू नका," डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूत हो-नाहीची गल्लत होते." लिहिणं त्यांना आधीही सहीपुरतंच यायचं, आणि सहीचा हात तर गेलेलाच होता. मग मी विचारणंच सोडून दिलं. काय हवं-नको ते मीच ठरवू लागले, आणि खरं सांगायचं तर ते मला जमतंय असं वाटत होतं.

घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन पानांचा कागद दिला आणि वर तोंडी सांगितलं, रोज खुर्चीत बसवा, चांगला हात चालता ठेवा, मन गुंतवा. चांगला हात, मन गुंतवा. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. पोरांसाठी केलेल्या खेळाला खरा माणूस आता मिळाला होता. कागद मी घडी घालून फायलीत ठेवला.

चार दिवस बसून मी तो खेळ आण्णांसाठी बदलला. चेंडू मोठे केले, भडक रंगाचे. चिमटी अर्धवट जुळली तरी चालेल अशी ढिलाई दिली. थरथर गाळून टाकली. आणि गुरुत्वाकर्षण चंद्राएवढं ठेवलं, म्हणजे चेंडू सावकाश खाली येतील, त्यांना पकडायला वेळ मिळेल. कोणत्या दिवशी किती चेंडू पकडले याची नोंद आपोआप होईल अशीही सोय केली. ते सगळं करताना मी सुखात होते. वडील शेजारच्या खाटेवर बिनबोलता पडलेले आणि मी सुखात, हे आज लिहिताना माझीच मला किळस येते.

रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी तास ठरला. खाटेवरून खुर्चीत आणायचं काम मी एकटी करायची. त्यांच्या उजव्या बगलेत हात घालायचा, दुसऱ्या हातानं त्यांचा उजवा दंड धरायचा आणि वर ओढायचं. ते कण्हायचे. मला वाटायचं जोर लावताहेत. खुर्चीत बसवलं की समोर लॅपटॉप, आणि डावा हात वर करा म्हणून माझा धोशा.

डावा हात ते वर करत नसत. मांडीवर उपरणं असायचं, त्याखाली हात घालून बसायचे. मी हात बाहेर काढायची, कॅमेऱ्यापुढे धरायची. सोडला की परत उपरण्याखाली. कधी तो हात उजव्या खांद्याकडे जायचा. माझा समज असा की उपरणं शोधताहेत, कारण ते कायम त्याच खांद्यावर असायचं. एक दिवस मी उपरणं काढून धुतलं आणि पेटीत ठेवून दिलं. नसलं म्हणजे शोधणार नाहीत. त्या दिवशी ते रडले. लकव्यानंतर माणूस उगाच रडतो, हसतो, हेही मला सांगितलेलं होतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

एकदा मी त्यांचा हात कॅमेऱ्याकडे नेत असताना त्यांनी माझी बोटं घट्ट पकडली. मग हात सोडून माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि ओढून आमच्या हातांवर घ्यायला लागले. मी दचकून मागे सरले.

"आण्णा, काय करताय हे?"

त्यांनी परत ओढणी धरली. मी झटका देऊन सोडवली. डॉक्टरांना फोनवर चाचरत सांगितलं, तर ते म्हणाले, मेंदूला मार बसलाय, काही जणांना लाजलज्जेचं भान राहत नाही, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर ओढणी कमरेला खोचून वावरू लागले. पोटच्या पोरीनं आपल्या बापाबद्दल काय समजून घेतलं होतं ते मी उघड लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

शेवटी मी मास्तरकीवर आले. "आण्णा, पाच चेंडू पकडा, मग लगेच झोपवते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात वर आला. चिमटी जुळली, लाल चेंडू उचलला गेला, सुटला, तरंगत खाली आला. दुसरा. तिसरा. पाचही चेंडू त्यांनी भराभर पकडले, इतके भराभर की मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या आणि मी पिटल्या. मोबाइलवर चित्रण केलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. एका मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. त्या चित्रणात आण्णांचा चेहरा दिसतो. तेव्हा कुणी तिकडे पाहिलं नाही, सगळे चेंडूकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी मी पाचाचे दहा केले. आठवड्यानं पंधरा.

जानेवारी असेल, एका रविवारी सकाळी उमापूरचे काका आले. आण्णांचे धंद्यातले जोडीदार, दोघांनी मिळून बाजार केलेले. दवाखान्यात येऊन गेले होते, पण तेव्हा आण्णा शुद्धीवर नव्हते, आणि मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. काळा चष्मा लावून दारात उभे राहिले. आण्णा खुर्चीत, समोर चेंडू, बारा पकडून झाले होते, तीन राहिले होते. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबा, होतच आलंय."

काका थांबले नाहीत. समोर खाली बसले, लॅपटॉप हातानं बाजूला सरकवला.

"काय बे, बोलत न्हाईस व्हय," ते आण्णांना म्हणाले.

मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी आण्णांच्या डाव्या हातावर टाकलं. डाव्या हातानं सौदा करत नाहीत, ते अशुभ मानतात. काकांनी क्षणभर स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मग डावाच हात उपरण्याखाली घातला. मी चहा ठेवायला आत वळत होते. उपरणं हलायला लागलं तशी थांबले.

आण्णांचा चेहरा मी गेले दोन महिने रोज पाहत होते. तो चेहरा बदलला. भुवया खाली आल्या, नजर बाजूला दाराबाहेर गेली, बाजारात जायची तशी. उपरण्याखाली बोटं भराभर चालली होती. पडद्यावर ज्या चिमटीसाठी मी त्यांच्या विनवण्या करत होते, ती बोटं.

"ह्यो तर बोलतोय की," काका म्हणाले. "तू फोनवर म्हनलीस त्याला समजत न्हाई?"

डॉक्टर मानेबद्दल काय म्हणाले ते मी सांगितलं.

"मान सोड त्याची. हात खोटं बोलत न्हाई. दाबलं की हो, नख वढलं की न्हाई." मग ते आण्णांशी बोलू लागले, हळू आवाजात, जनावराला गोंजारावं तसं. "भूक लागली का? न्हाई. दुखतंय का? हां. पोट? न्हाई. पाय? न्हाई. खांदा? हां, खांदा. ह्यो उजवा? कवापासनं? दवाखान्यातून आल्यापासनं?" थोडं थांबून विचारलं, "उचलत्यात तवा?"

उपरणं बराच वेळ हललं नाही.

"पोरगी उचलती तवा?" काकांनी परत विचारलं.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकांनी हात काढून घेतला आणि काळा चष्मा पुसत बसले. "बगलंतून वढतीस व्हय गं?" ते म्हणाले. "कावून वढतीस माय? बसलेल्या बैलाला सुदा असं वढून उठवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी बीडला एक्स-रे काढला. खांदा खोबणीतून खाली उतरला होता, आणि तसं होऊन बरेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. लकव्याच्या बाजूच्या खांद्याला स्नायूंची पकड राहत नाही. हाताचं सगळं वजन नुसत्या सांध्यावर लोंबतं. त्या हाताला ओढायचं तर नसतंच, बसवतानाही खाली उशी द्यावी लागते. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. घरी येऊन फायलीतला कागद काढला. पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत, चित्रासकट. प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या किती पोरांचे मार्क मी कापले असतील.

मला सगळ्यात जास्त जाळतं ते हे, की हा माझाच विषय होता. वजन, टेकू, लोंबणारी वस्तू, हेच मी शिकवते. पडद्यावरच्या चेंडूंसाठी मी गुरुत्वाकर्षण चंद्राएवढं केलं, आणि त्याच वेळी, त्याच खुर्चीत, माझ्या वडिलांचा उजवा हात पृथ्वीच्या पूर्ण ओढीत तास-तास लोंबत होता. पाच चेंडू त्यांनी इतके भराभर का पकडले होते, ते एक्स-रे पाहताना मला कळलं. त्यांना लवकर झोपायचं होतं. आणि मी पाचाचे दहा केले होते, दहाचे पंधरा.

खेळ मी बंद केला. नोंदींची फाइल पुसून टाकली. त्यात आलेख छान चढता होता.

उमापूरच्या काकांना मी विनंती केली, मला तेवढं शिकवा. ते अवघडले. बायामाणसांना शिकवत नाहीत, ते म्हणाले. मग म्हणाले, आकडे शिकवणार नाही, बाकीचं बघू. ओट्यावर बसून त्यांनी उपरणं टाकलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याखाली हात घातला. दाबलं की हो. तळव्यावर नख ओढलं की नाही. हात आत आहे तोवर बोलणं चालू. काढला की संपलं, मग त्या विषयावर परत विचारायचं नाही, ते हलकटपणाचं समजतात. एवढंच. अर्ध्या तासाचं काम होतं.

पेटीतलं उपरणं काढून मी आण्णांपाशी बसले. ते त्यांच्या डाव्या हातावर टाकून माझा हात आत घातला. पाणी हवं का, विचारलं. दाबलं. कुशीवर वळवू का? दाबलं. दार लोटू का? नख ओढलं. ते दार मी दोन महिने रोज लोटून घेत होते, वारं लागू नये म्हणून.

त्यानंतर ते बारा-तेरा दिवस होते. त्यांच्या छातीत कफ धरला होता, घास गिळताना ठसका लागायचा, डॉक्टर म्हणाले आता नेऊन काही उपयोग नाही. त्या दिवसांत आम्ही बोललो. आईचा फोटो इकडे लावू का? हो. काकांना बोलवू का? हो. खांदा दुखतोय? हो. अजून? हो. पस्तीस-चाळीस वर्षांत आमचं इतकं बोलणं झालं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं दुखण्याबद्दल होतं.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. रोज उद्यावर ढकलत होते. एका दुपारी, त्यांचा श्वास जरा शांत असताना, मी उपरणं टाकलं आणि विचारून टाकलं.

"आण्णा, माझ्यावर राग हाय का?"

खरं सांगते, मला नखाची खात्री होती. मनातल्या मनात त्यांचं नख माझ्या तळव्यावरून गेलेलंही होतं. बाप पोरीला आणखी काय सांगणार, असं मी धरून चालले होते.

त्यांनी दाबलं. घाई न करता, नीट, चारही बोटांनी दाबलं आणि दाबून धरलं. नजर दाराबाहेर होती.

तोंडावर आलेलं सगळं सांगायचं होतं मला. की मला माहीत नव्हतं, की एकटी होते, की तुमच्यासाठीच करत होते. आणि त्याच्या पुढचा प्रश्न होता, तोच खरा विचारायचा होता. राग आहे तर आहे, पण माफ कराल का. तो ओठांवर आला, पण या हाताचं उत्तर खरं असणार होतं. मी हात काढून घेतला. चहा टाकते, असं काहीतरी पुटपुटत उठले.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. मधल्या दिवसांत त्यांनी पाणी मागितलं, कुशीवर वळवायला सांगितलं, ते मी केलं. तो विषय मी काढला नाही, तसा नियमच होता.

पण त्या दुपारी चुलीपुढून मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. उपरणं तसंच पसरलेलं होतं आणि त्याखाली त्यांचा डावा हात होता, तळवा वर करून, बोटं उघडी. हात मी काढला होता, त्यांनी काढला नव्हता.